बैठकीतल्या गोष्टी : न परतलेली जहाजे

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळची गोष्ट. सकाळपासून लागलेली झड थांबण्याचे चिन्ह नव्हते, विजेचे दिवे गेले होते, आणि कर्वेनगरातील आमच्या घरची सारी लहानथोर मंडळी एका मेणबत्तीभोवती गोळा झाली होती. अशा वेळी भुताखेतांच्या गोष्टी निघावयाच्याच. परंतु आमच्या धाकट्या बंधूंचा नातू नववीत गेल्यापासून भुतांस मानीनासा झाला आहे. त्याने भुतांच्या जागी ‘बर्म्युडाचा त्रिकोण’ आणून बसविला. अमेरिकेच्या पूर्वेस समुद्राचा एक तुकडा आहे, तेथे गेलेली जहाजे आणि विमाने एकाएकी नाहीशी होतात, होकायंत्रे वेड्यासारखी फिरू लागतात, आणि शास्त्रज्ञांसही त्याचा उलगडा होत नाही, असे त्याने मोठ्या गंभीरपणे सांगितले. “आजोबा, तुम्हांला काय वाटते?” असे त्याने शेवटी विचारले, आणि घरातील स्त्रियांनीही आमच्याकडे पाहिले. त्या रात्री आम्ही जे उत्तर दिले ते तुटक होते. तेच येथे जरा विस्ताराने देत आहो.

बर्म्युडाच्या त्रिकोणाविषयी प्रथम थोडक्यात सांगून टाकू, कारण त्यात सांगण्यासारखे थोडकेच आहे. हे नाव मुळी १९६४ साली एका अमेरिकन मासिकातील लेखाने रूढ केले, आणि १९७४ च्या एका खपाऊ पुस्तकाने ते घरोघर पोहोचविले. दुसऱ्याच वर्षी लॅरी कुशे नावाच्या एका ग्रंथपालाने, ग्रंथपालास शोभेल अशी चिकाटी धरून, त्या त्या तारखांची जुनी वर्तमानपत्रे काढून पाहिली. तेव्हा आढळले ते असे की, ‘शांत समुद्रात’ नाहीशी झाली म्हणून सांगितलेली कित्येक जहाजे भर वादळात सापडलेली होती, आणि काही तर त्या त्रिकोणाच्या आसपासही नव्हती. ५ डिसेंबर १९४५ रोजी अमेरिकन आरमाराची पाच विमाने १४ वैमानिकांसह हरवली ती गोष्ट मात्र खरी. परंतु त्यांच्या नायकाची होकायंत्रे बिघडली होती, आपण कोणत्या बेटांवर आहो याविषयी त्याची समजूत चुकली होती, अंधार पडत चालला होता, आणि टाकीतील तेल संपत आले होते. त्यांच्या शोधास गेलेले १३ जणांचे विमानही परतले नाही. पण त्या सुमारास एका जहाजावरील लोकांनी आकाशात ज्वाळा पाहिल्या होत्या. यात दुःख पुष्कळ आहे, गूढ फारसे नाही.

तसेच ते १८७२ सालचे ‘मेरी सेलेस्ट’. शिडे उभारलेली, धान्यपाणी भरपूर, मद्यार्काची पिंपे जागच्या जागी, आणि जहाजावर माणूस एकही नाही! या जहाजावरील दहाही माणसांचे पुढे काय झाले ते कोणास कळले नाही, हे खरे. परंतु जहाजावरची होडीही जागेवर नव्हती, हे सांगण्यास गोष्ट सांगणारे विसरतात. बारा वर्षांनी कॉनन डॉइल यांनी, म्हणजे शेरलॉक होम्सच्या जनकाने, तरुणपणी या प्रकरणावर एक कल्पित कथा लिहिली, आणि तेव्हापासून कथेतले कोणते आणि घडलेले कोणते याचा मेळ कायमचा बिघडला. मेजावर वाफाळलेला चहा आढळला वगैरे जो मजकूर वाचकांच्या कानी आला असेल तो सारा मागाहून ओतलेला आहे.

आम्हांस नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. आमच्या नातवास अटलांटिक महासागरातील त्रिकोणाची खडान्‌खडा माहिती आहे; परंतु मुंबईस येण्यासाठी निघालेली, सातशेंहून अधिक माणसांनी भरलेली एक आगबोट आपल्याच पश्चिम समुद्रात अशी नाहीशी झाली की तिचे पुढे काहीच हाती लागले नाही, हे त्याच्या गावीही नव्हते. त्याच्याच काय, बैठकीतल्या एकाही तरुण माणसाच्या नव्हते.

तिचे नाव ‘वैतरणा’. आपल्या उत्तर कोकणातून वाहणाऱ्या नदीचे नाव कोणा साहेबाने हौसेने दिले असावे. परंतु त्याच नावाची दुसरी नदी यमलोकाच्या वाटेवर आहे, हे ज्यांनी गरुडपुराण ऐकले आहे त्यांच्या मनात आल्यावाचून कसे राहील? स्कॉटलंडातील ग्रँजमथ येथे १८८५ साली ती बांधली गेली. लांबी सुमारे १७० फूट, रुंदी मात्र तिच्या सहाव्या हिश्शाहूनही थोडी कमीच. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची ती बोट. या कंपनीच्या बोटींनी पुढे आपल्या कोकणातल्याही कितीतरी पिढ्या मुंबईस नेल्या आणि शिमग्या-गणपतीस परत आणल्या. वैतरणेवर विजेचे दिवे होते. त्या काळी कच्छ-काठेवाडच्या माणसांनी रात्रीच्या समुद्रावर असा झगमगाट कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिचे मूळ नाव टाकून दिले आणि ती ‘विजळी’ झाली.

८ नोव्हेंबर १८८८, गुरुवार, कार्तिक शुद्ध पंचमी. गुजराथेत ही लाभपंचमी. दिवाळीनंतर दुकाने उघडण्यास, प्रवासास, नव्या कामास हा मुहूर्त उत्तम समजतात. त्या दिवशी कच्छातील मांडवी बंदरातून विजळी ५२० उतारू घेऊन निघाली. द्वारकेस आणखी उतारू चढले आणि संख्या ७०३ वर गेली; खलाशी ४३, ते निराळे. बोटीवर लग्नाची वऱ्हाडे होती आणि मुंबईस मॅट्रिकच्या परीक्षेस बसण्यासाठी निघालेले विद्यार्थी होते, असे परंपरेने सांगतात. पोरबंदर आले तेव्हा हवा इतकी बिघडली होती की बोट तेथे थांबू शकली नाही आणि तशीच पुढे निघाली. संध्याकाळी मांगरोळच्या आसपास ती दिसल्याचे सांगतात. दुसऱ्या दिवशी ती मुंबईस आली नाही. त्यानंतरच्या दिवशीही आली नाही. शोधासाठी आगबोटी पाठविण्यात आल्या, त्या हात हलवीत परत आल्या. एक फळी नाही, एक प्रेत नाही.

पुढे लोकांनी तिच्यावर गाणे रचले. ‘हाजी कासम’ या नावाने सुरू होणारे ते गाणे झवेरचंद मेघाणी यांनी आपल्या लोकगीतांच्या संग्रहात घेतले आणि काठेवाडात ते अजून गातात. गाण्याचे सामर्थ्य असे की त्यातील आकडा हाच पुढे इतिहास होऊन बसतो. सातशेंचे तेराशे होतात. बोटीच्या कप्तानाचे नाव कासम इब्राहिम होते. गाण्यातला हाजी कासम म्हणजे तोच, की तिकिटे विकणारा कोणी अडत्या, याविषयीही लोकांत एकवाक्यता नाही. पोरबंदरच्या इंग्रज अधिकाऱ्याने कप्तानास पुढे जाऊ नको असे परोपरीने विनविले आणि त्याने ते ऐकले नाही, ही कथा तर सर्वतोमुखी आहे; परंतु शोध करणाऱ्यांस तिला आधार मिळालेला नाही. आम्हांस या कथेचा राग येत नाही. जिथे प्रेत नाही, थडगे नाही, अस्थी नाहीत, तेथे माणसे निदान एक दोषी तरी मागतात.

सरकारी चौकशी झाली तीत जे बाहेर आले ते गाण्यापेक्षा रूक्ष, पण आमच्या मते अधिक भयंकर आहे. बोटीवर माणसे होती त्या मानाने होड्या पुरेशा नव्हत्या, जीवरक्षक पट्टेही पुरेसे नव्हते. म्हणजे विजेचे दिवे होते आणि तरंगण्याची साधने नव्हती.

आता, एवढे मोठे जहाज मागे काही न ठेवता जाते तरी कसे, असा प्रश्न नातवाने केला. वाचकांपैकीही पुष्कळांच्या मनात तो आला असेल. त्याला आम्ही घरातलेच उदाहरण दिले. नहाणीघरातील परातीत थोडेसे पाणी घालून ती उचलून पाहावी. परात पाण्याने काठोकाठ भरलेली असता जितकी सांभाळता येत नाही, त्याहून ती अर्धवट भरलेली असता अधिक डचमळते; कारण एका बाजूस जरा कलली की सारे पाणी तिकडेच धावते आणि कलण्यास अधिकच जोर देते. बोटीवरील माणसे ही त्या पाण्यासारखी. एका बाजूने वाऱ्यापावसाचा मारा सुरू झाला की ती सारी दुसऱ्या बाजूस सरकतात. बोट अरुंद, तळाशी जड माल थोडा, वरच्या मजल्यावर गर्दी फार, आणि त्यातच एखादी मोठी लाट बाजूने बसली, तर बोट बुडत नाही, उलटते. बुडण्यास घटका लागते, उलटण्यास पळ पुरते. तशा वादळात उतारू वरच्या तक्तपोशीवर उभे नसतात. दारे लावून, पडदे सोडून आत बसलेले असतात. ती सारी माणसे लोखंडाच्या पेटीसकट तळाशी जातात. त्या काळी बिनतारी संदेशाची सोय कोणत्याच जहाजावर नव्हती. ओरडण्यास अवसर नाही, आणि ओरडले तरी ऐकण्यास कोणी नाही.

वैतरणेचे नेमके असेच झाले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु असे घडते याविषयी शंका नको, कारण ते एकदा मुंबईच्या तोंडाशी, माणसांच्या देखत घडले आहे.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्यास अवघे चार आठवडे उरले होते. आषाढी अमावास्या, पावसाची झोड; आणि सणाला घरी जाण्यासाठी भाऊच्या धक्क्यावर रेवस-अलिबागकडील माणसांची झुंबड. सकाळी आठ वाजता ‘रामदास’ आगबोट सातशेंच्या वर माणसे घेऊन निघाली. अर्ध्या-पाऊण तासातच, मुंबईपासून दहा मैलांच्या आत, काश्याच्या खडकाजवळ ती एका बाजूस कलली आणि पाहता पाहता उलटली. पावसापासून आडोसा म्हणून बांधलेल्या ताडपत्र्यांनी कित्येकांस बाहेरच पडू दिले नाही. सहाशेंहून अधिक माणसे गेली.

या हकीकतीतील एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. रामदासवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईसारखे शहर हाकेच्या अंतरावर असून तेथे ही बातमी संध्याकाळपर्यंत कोणास ठाऊक नव्हती. वाचून पोहत आलेल्या एका लहान मुलाच्या तोंडून ती प्रथम कळली असे सांगतात. दरम्यान रेवसकडील कोळी मासळी घेऊन मुंबईस येत होते. त्यांनी पाण्यात माणसे पाहिली, मासळी समुद्रात टाकून दिली आणि हाती लागतील तितकी माणसे आपल्या होड्यांत ओढून घेतली. ते कोळी त्या दिवशी त्या वाटेने आले नसते, तर काय झाले असते? रामदासही ‘एकाएकी नाहीशी’ झाली असती, आणि आज कोणीतरी मुंबई, अलिबाग आणि मांगरोळ असा एक त्रिकोण काढून आमच्या नातवाच्या हाती दिला असता. विजळी गूढ का आणि रामदास गूढ का नाही, याचे उत्तर इतकेच आहे की एकीच्या वाटेवर मासळीच्या होड्या होत्या आणि दुसरीच्या वाटेवर नव्हत्या.

तोच प्रकार १९०९ च्या ‘वाराता’ जहाजाचा. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याने डरबनहून केपटाऊनला जाताना ते २११ माणसांसह गेले, तेही मागमूस न ठेवता. तेवढ्यातही एक उतारू वाचला. बोट कलली की सरळ व्हायला फार वेळ घेते हे पाहून त्याच्या मनाने घेतले, स्वप्नेही वाईट पडू लागली, म्हणून तो डरबनलाच उतरला! लंडनच्या चौकशीत त्याने साक्ष दिली. लोक त्याच्या स्वप्नाची गोष्ट चवीने सांगतात. बोट सावकाश सरळ होत होती ही जी त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, ती कोणी सांगत नाही. १९९९ साली वाराताचा सांगाडा सापडल्याचा गवगवा झाला होता. दोन वर्षांनी पाणबुड्यांनी खाली जाऊन पाहिले तेव्हा ते महायुद्धात बुडालेले भलतेच मालवाहू जहाज निघाले.

पुनः आपल्या समुद्राकडे वळू. विजळी गेली ती ८ नोव्हेंबरला. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, म्हणजे कार्तिक वद्यातच, आपल्या किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी एकाच वादळात गेल्या. तुकारामवरची काही माणसे वाचली, जयंतीवरचे कोणी परतले नाही. १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईस मोठे चक्रीवादळ बसले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यास लागले, तेव्हाही मासेमारीस गेलेल्या कित्येक नौका परतल्या नाहीत. हा योगायोग नव्हे. नारळी पौर्णिमेस समुद्र शांत झाला असे आपण मानतो आणि दर्यावर्दी लोक होड्या लोटतात. ते बरोबरही आहे. परंतु अरबी समुद्राची अशी रीत आहे की पावसाळा येण्याच्या आधी, वैशाख-ज्येष्ठात, एकदा. आणि पावसाळा परतून गेल्यावर, आश्विन-कार्तिकात, दुसऱ्यांदा त्याच्या पोटात चक्रीवादळे उठू शकतात. भर पावसाळ्यात उंचावरचे वारे इतक्या जोराने एका दिशेस वाहत असतात की वादळाचे चक्र नीट धरतच नाही. ते वारे मंदावले आणि पाणी अजून उबदार असले, की चक्र धरते. म्हणजे आकाश निरभ्र, हवेत गुलाबी थंडी, दिवाळीचा फराळ बांधून माणसे बोटीवर चढत आहेत, आणि दोनशे मैलांवर ते सिद्ध होत आहे.

याची खबर आधी मिळावी म्हणून जे शास्त्र उभे राहिले त्याच्याशी आम्हां पुणेकरांचा संबंध थोडा अधिक आहे. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ ची; त्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस हलले; परंतु शिवाजीनगरच्या त्या मनोरा असलेल्या दगडी इमारतीस पुण्याचा रिक्षावाला अजूनही ‘सिमला ऑफिस’च म्हणतो. समुद्रापासून साठेक मैल आत, डोंगरावर, बसून समुद्राचे नकाशे काढावयाचे, हे पाहुण्यांस चमत्कारिक वाटते. परंतु वादळाचे चित्र काही समुद्रकाठी उभे राहून दिसत नाही. जहाजांवरून आणि बंदरांवरून आलेले हवेच्या दाबाचे आकडे एका कागदावर मांडले म्हणजेच दिसते. १८८८ साली समुद्रावरून असा आकडा येण्यास मार्गच नव्हता. आज उपग्रह ते चित्र घटकेघटकेस पाठवितो. तरीही मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाची सूचना आगाऊ मिळाली असताना मुंबई हायच्या तेलक्षेत्रातील एक तराफा आणि एक ओढबोट तेथेच राहिली, आणि ऐंशींच्या वर माणसे गेली. सूचना देणारे खाते असते तसे ती ऐकणारेही कोणी असावे लागते.

विमानांची कथा याहून वेगळी नाही, एवढेच की ती अधिक वेगाने घडते. २५ मार्च १९८६ रोजी आपल्या हवाईदलाचे एक नवे आन-३२ विमान मस्कतहून जामनगरला येत असता सात जणांसह अरबी समुद्रावर हरवले. ते कधीच सापडले नाही. त्याच जातीचे दुसरे विमान २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघाले. त्यात २९ जण होते. जहाजे, विमाने, पाणबुडी, सर्व काही पाठविले; आठवडे गेले; काहीच मिळाले नाही, आणि त्याच वर्षी ते सर्व जण मृत झाले असे समजावे लागत असल्याचे घरच्यांस कळविण्यात आले. पुढे साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र-तंत्रज्ञान संस्थेचे एक स्वयंचलित यान ३४०० मीटर खोल तळाशी गेले असता त्याने पाठविलेल्या चित्रांत विमानाचे तुकडे दिसले. किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरांवर. त्या भागात दुसरे कोणतेही विमान पडल्याची नोंद नाही, म्हणून ते तेच. ३४०० मीटर म्हणजे आपला सिंहगड तळापासून माथ्यापर्यंत मोजून एकावर एक चार-पाच वेळा रचावा, तेवढे पाणी वर! ८ मार्च २०१४ रोजी २३९ माणसांसह गेलेल्या मलेशियाच्या विमानाचे मात्र पंखाचे काही तुकडे आफ्रिकेकडील बेटांस आणि किनाऱ्यास लागले, मुख्य सांगाडा अद्याप मिळालेला नाही. समुद्र लपवितो असे नाही. तो मोठा आहे, आणि आपण त्याचा तळ फार थोडा पाहिला आहे.

इतके झाल्यावर नातवाचे समाधान झालेले दिसले. तो मेणबत्तीशी खेळू लागला. परंतु आमच्या सूनबाईंनी विचारले, “आणि मागे राहिलेल्यांचे काय होत असेल?” त्या प्रश्नाने आम्ही काही वेळ बोललोच नाही, कारण ते काय होते हे या घराने पाहिलेले आहे.

जो मेला त्याच्यासाठी शास्त्राने सर्व काही सांगून ठेवले आहे. दहावा, बारावा, तेरावा. जो नुसताच नाहीसा झाला त्याचे काय? धर्मशास्त्रकारांनी याचाही विचार केला आहे. बारा वर्षे वाट पाहावी. तोवर वार्ता न आल्यास पळसाच्या ३६० देठांचा पुरुष करून त्यास अग्नी द्यावा, आणि मग सुतक धरावे. इंग्रजी कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ते कलम होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही आहे: ज्यांना स्वाभाविकपणे वार्ता लागली असती त्यांनाच जर सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे दाखविण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. आणि त्याहून जुने म्हणजे पराशरस्मृतीतील ते प्रसिद्ध वचन, ज्याच्या आधारे विद्यासागरांनी १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा करविला. त्यात स्त्रीस दुसरा पती करण्याची जी पाच निमित्ते सांगितली आहेत त्यांत पहिला शब्द ‘मृत’ हा नाही. पहिला शब्द ‘नष्ट’ हा आहे. नष्ट म्हणजे दिसेनासा झालेला. स्मृतिकारास दोहोंतील भेद कळत होता, आणि अधिक अवघड ते त्याने आधी घातले, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

पुण्यास या अवघडपणाची ओळख जुनी आहे. पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले ते कोणी पाहिले, कोणी पाहिले नाही. पार्वतीबाईंनी १७८३ साली डोळे मिटेतो कुंकू पुसले नाही, आणि मधल्या काळात तोतया उभा राहून सारी पेशवाई त्याने हालवून सोडली.

आमच्या आत्याबाईंसाठी तोतयाही आला नाही. त्यांचे यजमान मुंबईस एका पेढीवर कारकून होते. १९२७ च्या दिवाळीस ते कोकणात घरी आले. परतताना आगबोटीस गर्दी फार म्हणून, आणि पैसे वाचतील म्हणूनही, ओळखीच्या तांडेलाच्या फतेमारीतून निघाले. आत्याबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्या वादळात दोन आगबोटी गेल्या त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली. फतेमारीचे नाव कोठे येणार? तिच्यावर किती माणसे होती हेही कोणी मोजलेले नव्हते. सासरे मुंबईचे धक्के आणि इस्पितळे पालथी घालून महिन्याने परत आले. सासूबाईंनी सुनेस कुंकू पुसू दिले नाही. मात्र गावात कोणी तिला हळदीकुंकवाचे बोलावणेही केले नाही. सवाष्ण म्हणून वाढावयास बोलावीत नाहीत आणि विधवा म्हणून कोपऱ्यातही बसवीत नाहीत, अशी दोन वर्षे गेली. तेव्हा आमच्या आजोबांनी त्यांस पुण्यास आणून हिंगण्यास, कर्व्यांच्या आश्रमात, शिकावयास घातले. त्या वेळी येथे कर्वेनगर नव्हते. हिंगणे बुद्रुकचा माळ होता, नदी होती, आणि अण्णांनी १९०० साली एका झोपडीपासून आरंभ केलेली ती संस्था होती. प्रवेशाच्या वेळी नावापूर्वी ‘सौ.’ लिहावे की ‘गं. भा.’ असा प्रश्न निघाला. आत्याबाई काही बोलेनात. तेव्हा लिहून घेणाऱ्या बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि नुसते नावच लिहिले. ही गोष्ट त्या आम्हांस पुनःपुन्हा सांगत. अभ्यासाची, परीक्षांची, पुढे केलेल्या शिक्षिकेच्या नोकरीची इतक्यांदा सांगत नसत.

१९३९ साली बारा वर्षे भरली. सासऱ्यांनी गावी पळसाच्या देठांचा विधी केला आणि पत्र पाठविले. आत्याबाईंनी स्नान केले, कुंकू पुसले, आणि तीन दिवसांनी वर्गावर गेल्या.

आमच्या लहानपणी त्या आमच्याच घरी असत. पुण्यास समुद्र नाही, आणि त्या पुनः कधी कोकणात उतरल्याही नाहीत. परंतु आश्विन-कार्तिकात संध्याकाळी मुंबई आकाशवाणीवर कोळ्यांसाठी हवामानाची सूचना लागे, त्या वेळी घरात कोणी बोललेले त्यांस खपत नसे. अमुक बंदरास अमुक नंबरचा बावटा, वारा ताशी इतका, होड्यांनी समुद्रात जाऊ नये. ते संपेपर्यंत त्या हातातले निवडणे थांबवून बसत. मग रेडिओ आपणच बंद करीत आणि आमच्याकडे वळून विचारीत, “सगळ्यांना ऐकू गेले असेल ना रे?”